जिन्यावरचं खाकरणं

आमचे सासरे, बाऊजी, जिना चढायच्या आधी खाकरायचे. घसा उत्तम आहे त्यांचा, सर्दीबिर्दी काही नसते. खाली कापडाचं दुकान, वर घर, मधे लाकडी जिना. पहिल्या पायरीवर पाय ठेवला की बाऊजी 'अंहंऽ' करायचे आणि वर आम्ही डोक्यावर ओढणी घ्यायचो, पसारा आवरायचो, हसत असलो तर हसू आवरायचो. शहाद्यात आमच्यासारखी राजस्थानातून आलेली व्यापारी घरं बरीच आहेत, त्यातल्या जुन्या वळणाच्या घरांत अजून हे चालतं. मी दोंडाईच्याची. माझे पप्पा खाकरत नाहीत, रस्त्यावरूनच ओरडत येतात, "शिखूऽ, चहा टाक गं!" नवी होते तेव्हा बाऊजींचं खाकरणं ऐकून मला हसू फुटायचं. पुढे फुटेनासं झालं.

रिषभ झाल्यावर त्या खाकरण्याला आणखी एक काम लागलं. आमच्यात वडीलधाऱ्यांसमोर आईने आपलं मूल उचलायचं नसतं. मांडीवर घ्यायचं नाही, मुका घ्यायचा नाही, 'माझं सोनं' म्हणायचं नाही. बापानेही नाही. मयंक, म्हणजे माझा नवरा, बाऊजींसमोर पोराकडे असं बघतो, जसं काही शेजाऱ्याचं आहे. का? तर लाज. आपल्याच लेकराचं कौतुक आपणच करायचं म्हणजे निर्लज्जपणा. आजीने घ्यावं, आजोबांनी घ्यावं, काकूने, आत्याने, दुकानातल्या नोकराने घ्यावं. आईने मात्र हात मागे बांधून उभं राहायचं. जिन्यावर 'अंहंऽ' झालं की मी रिषभला खाली ठेवायची. दूध पीत असला तरी तोडून ठेवायची. बाऊजी वर यायचे, त्याला उचलून हवेत उडवायचे, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची.

बाऊजी वाईट माणूस नाहीत, हेही सांगून ठेवते. कळसाडीच्या, धानोऱ्याच्या बाया लुगडं घ्यायला आल्या की त्यांच्याशी अहिराणीत दोन गोष्टी बोलल्याशिवाय सोडत नाहीत. सुगनचंद शेठ म्हटलं की लोक हसून बोलतात. पण घरात मी त्यांच्याशी आणि ते माझ्याशी सरळ कधी बोललेले नव्हते. "बींदणीला सांग, आज कढी कर," असं ते सासूबाईंना सांगायचे, मी तिथेच कणीक मळत असताना. बींदणी म्हणजे सून. म्हणजे मीच.

आता खरी गोष्ट. माझे जेठ, मयंकचे थोरले भाऊ, सुरतला असतात. त्यांना मूल नाही. किंजल भाभीने काय काय केलं नाही! दवाखाने झाले, उपास झाले, पालीताण्याला जाऊन आली. दिवाळीत सगळे एकत्र आले तेव्हा सासूबाई, म्हणजे आमच्या मांजी, मला भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "तू काय, लहान आहेस. दुसरं होईल. रिषभला त्यांच्या ओटीत घालू. घरातलंच तर आहे, परक्याला थोडंच देतोय?" हातातलं ताट माझ्या हातातच राहिलं. आमच्यात असं गोद, म्हणजे दत्तक, देतात, नवीन नाही. माझ्या चुलत आजेसासऱ्यांनाही असंच दिलं होतं. मुहूर्तही ठरवून टाकला होता, आखातीज. तुमच्या खानदेशात जिला आखाजी म्हणतात ती. त्या दिवशी पोरी माहेरी येऊन झोके खेळतात, आणि आमच्या घरातून माझं पोर सुरतला जाणार होतं.

मी मयंकला रडून सांगितलं, भांडून सांगितलं, तीन दिवस अबोला धरून सांगितलं. तो म्हणायचा, "बघू." देवाने या माणसाला एकच शब्द दिलाय. शेवटी एकदा वैतागून म्हणाला, "अगं, मांजी म्हणतात ते काय खोटंय का? तो कोणाकडेही राहतो. तू नसलीस तरी रडत नाही."

"रडत नाही?" मी म्हटलं. "तुम्हाला काय माहीत? तुम्ही दिवसभर खाली मीटर मोजत असता."

हे चालूच होतं, तेवढ्यात होळीच्या सुमारास मयूरी आली. धानोऱ्याची पोरगी, लोणखेड्याच्या कॉलेजात शिकलेली, आता पुण्याच्या एका संस्थेसाठी काम करत होती. लहान मुलं आईशी कशी जोडली जातात, याचा त्यांचा अभ्यास चालू होता. काही मुलं सातपुड्याच्या पाड्यांवरची घेत होते, काही शहाद्या-तळोद्याच्या गावातली. आमच्या दुकानात ती साडी घ्यायला आली, रिषभ गादीवर बसून पुठ्ठे चावत होता, आणि ती खाली वाकून म्हणाली, "काय करी ऱ्हायना रे शेठ? भलता गोड शे वो वहिनी तुन्हा पोऱ्या!"

मी तिला विचारलं, तुम्ही नक्की काय बघता? ती आमच्याशी मग मराठीत बोलायला लागली. म्हणाली, सोपं आहे. आई आणि मूल एका खोलीत खेळतात. मग अनोळखी बाई येऊन बसते. आई बाहेर जाते, थोड्या वेळाने परत येते. मूल तेव्हा काय करतं ते बघायचं. "आई गेल्यावर रडतंय का, याला फार महत्त्व नाही वहिनी. आई परत आल्यावर ते तिच्याकडे जातं का, तिच्याजवळ शांत होतं का, ते बघायचं असतं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुपारी खोली लावून घेतली की रिषभ माझ्या अंगावर असा चढतो जसा वेल मांडवावर चढतो. केस ओढतो, गालाला गाल लावतो, कानात काहीतरी बडबडतो. हे घरात कोणी बघितलेलंच नव्हतं, कारण बघायला कोणी आलं की मी त्याला खाली ठेवायची! आता पुण्याची माणसं बघतील, शिकलेली माणसं सांगतील. मी मयंकला म्हटलं, "यात जर दिसलं की त्याला मीच लागते, तर बाऊजींशी बोलाल?" तो म्हणाला, "बघू." मी त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला. तेव्हा म्हणाला, "बोलेन. खरंच दिसलं तर बोलेन."

बाऊजींनी परवानगी लगेच दिली. पुण्याचे लोक आपल्या नातवाची हुशारी तपासायला येतायत, असं त्यांनी दुकानात सगळ्यांना सांगून टाकलं. हुशारीचा यात काही संबंध नाही, असं त्यांना सांगणार कोण?

मयूरीने हॉलमध्ये कॅमेरा उभा केला. सासूबाईंना तिने स्वयंपाकघरात बसायला सांगितलं, त्या फुरंगटून आत गेल्या. मी आणि रिषभ चटईवर ठोकळे रचत बसलो. बारावीच्या परीक्षेलाही मी एवढी घाबरले नव्हते. मयूरी येऊन कोपऱ्यात बसली. खूण झाल्यावर मी उठले, बाहेर गेले, दार लोटलं.

आतून रडू आलं. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. रड रे राजा, मी दाराला कान लावून म्हणत होते, अजून मोठ्याने रड, मांजींना ऐकू जाऊ दे. कुठली आई असं म्हणेल? मी म्हटलं.

मग मी दार उघडलं. रिषभ धावत निघाला, दोन्ही हात वर, नाकाला शेंबूड, तोंड वासलेलं. दोन पावलांवर आला आणि जिन्यावर 'अंहंऽ' झालं.

बाऊजींना राहवलं नव्हतं. नातवाची परीक्षा बघायला ते दुकान सोडून वर येत होते.

रिषभ थांबला. वर केलेले हात त्याने हळूच खाली घेतले. रडणं गिळलं, अगदी गिळलं, मी ते त्याच्या गळ्यात खाली जाताना बघितलं. मग तो वळला, भिंतीशी जाऊन बसला आणि माझ्याकडे पाठ करून ठोकळे उचलू लागला. आणि मी काय केलं? माझा हात डोक्यावर ओढणी घ्यायला गेला. पोराकडे नाही, ओढणीकडे.

तोपर्यंत मला वाटायचं, खाकरणं आलं की मी त्याला खाली ठेवते. तो आपणहून उतरतो हे मला त्या दिवशी कळलं. दीड वर्षाचं पोर, धड 'पाणी' म्हणता येत नाही, आणि हे कुठून शिकलं? कोणी शिकवलं? रोज मीच शिकवत होते की.

मयूरीला मी म्हटलं, परत घे. ती म्हणाली, लगेच परत घेता येत नाही वहिनी, एकदा झालं की मूल सावध होतं, निदान महिना तरी जाऊ द्यावा लागतो. महिन्यावर तर आखातीजच होती. नेमाप्रमाणे तिने त्या चित्रीकरणाची एक प्रत आम्हाला मोबाईलवर पाठवली, आणि मयंकने ती दुकानात, गिऱ्हाइकासमोर, आवाज बंद करून बघितली. बायको आत येते, पोर तिच्याकडे जात नाही, पाठ करून बसतं. एवढंच दिसलं त्याला.

"काय बोलू आता बाऊजींशी?" तो मला म्हणाला.

"अहो, ते खाकरले म्हणून तो थांबला! माझ्याकडेच येत होता!"

"म्हणजे बाऊजींमुळे झालं, असं मी बाऊजींना सांगू?" त्याच्या चेहऱ्यावरची भीती बघून मला त्याचा रागही येईना. पोर शिकलं ते बापही कधीतरी याच घरात शिकला होता. पण राग आला नाही म्हणून माझं काम झालं असं थोडंच आहे? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीच मयूरीला घरात बोलावलं, मीच कॅमेऱ्यासमोर बसले, आणि आता सासूबाई शेजारच्या बायकांना सांगत सुटल्या, "पुण्याच्या मशीनमध्येसुद्धा निघालं, टाबर आईकडे जातच नाही. सगळ्यांकडे सारखंच." मी आत चपात्या लाटायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

आखातीजच्या दोन दिवस आधी सुरतेहून गाडी आली. किंजल भाभीने रिषभसाठी मोठं तपकिरी अस्वल आणलं होतं, कपडे आणले होते, छोटी चांदीची वाटी आणली होती. मला तिचा राग राग करायचा होता. पण ती वाटी पदराने पुसत बसली होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती. तिचा राग करणं काही मला जमलं नाही, आणि त्याचाही मला राग आला.

संध्याकाळी जेवणं दिवस असतानाच उरकली आणि सगळे हॉलमध्ये बसले. बाऊजी खुर्चीवर, जेठ आणि मयंक गादीवर, सासूबाई पाटावर, भाभी खाली चटईवर. रिषभ भाभीच्या मांडीवर तिच्या बांगड्यांशी खेळत होता. भाभीला चालतं, तो तिचा नाही ना. मी स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या नेहमीच्या जागी. बाऊजी मोठ्या कौतुकाने म्हणाले, "मयंक, ते पुण्यावालं दाखव रे भाईला, टीव्हीवर लाव."

मयंकने लावलं. मोठ्या पडद्यावर मी, माझं पोर, ठोकळे. मी बाहेर गेले, रिषभचं रडणं हॉलभर झालं. भाभीने मांडीवरच्या रिषभला जवळ ओढलं. मग पडद्यावरचं दार उघडलं, तो हात वर करून धावला, आणि टीव्हीतून बाऊजी खाकरले. 'अंहंऽ'.

माझा हात पुन्हा ओढणीकडे गेला. पण मी बघत होते रिषभकडे, पडद्यावरच्या नाही, भाभीच्या मांडीवरच्या. त्याने आवाज ऐकला. मान वर केली, खुर्चीवरच्या आजोबांकडे बघितलं. आणि पुन्हा बांगड्या खुळखुळवायला लागला. उतरला नाही. भाभीच्या मांडीवरून त्याला उतरायचं कारणच नव्हतं.

"बघितलंस?" सासूबाई जेठांना म्हणाल्या. "आईकडे गेलाच नाही."

काय झालं मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, संताप झाला. डोक्यात तिडीक गेली. मी दारातून निघाले, हॉलच्या मधोमध गेले, भाभीच्या मांडीवरून रिषभला उचललं आणि बाऊजींच्या खुर्चीसमोर फतकल मारून त्याला माझ्या मांडीवर घेऊन बसले. ओढणी कुठे पडली देव जाणे.

"बींदणी!" सासूबाई ओरडल्या.

"अहो," मी मयंकला म्हटलं, "ते मागे घ्या. दार उघडतं तिथून परत लावा."

रिमोट त्याच्या हातात होता. काय करावं ते न कळून त्याने मी म्हटलं तेच केलं. पडद्यावर पुन्हा दार उघडलं. माझ्या मांडीवर रिषभ आधीच कडक झाला होता, आजोबांसमोर या मांडीवर तो कधी बसलाच नव्हता. पुन्हा 'अंहंऽ' झालं. आणि त्याने माझे हात, दोन्ही हात, आपल्या पोटावरून बाजूला केले. ओरडला नाही, रडला नाही. घसरून खाली उतरला, चालत भिंतीशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. पडद्यावरही तो भिंतीशी पाठ करून बसला होता. हॉलमध्येही.



"गरम होतंय त्याला," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचाच आवाज त्यांना साथ देईना.

मी वर बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा बाऊजींशी सरळ बोलले. "बाऊजी, तो माझ्याकडे येत नाही असं नाही. मी त्याची आई आहे म्हणून येत नाही. तुमच्या नातवाला एवढं कळतं. आणखी कोणती हुशारी तपासायची?"

बाऊजी भिंतीकडे बघत होते, त्या एवढ्याशा पाठीकडे. त्यांनी तोंड उघडलं, घशाशी काहीतरी आलं असावं, आणि त्यांनी ते आत दाबलं. खाकरायचीसुद्धा भीती वाटली त्यांना. मग उठले आणि जिना उतरून दुकानात गेले. बंद दुकानात.

बोलली ती किंजल भाभी. मांडी अजून तशीच घातलेली, रिकामी. म्हणाली, "सगळ्यांसमोर तो माझ्याकडे बसला, मला वाटलं माझा झाला. मी त्याची कोणी नाही म्हणून बसला होता गं तो." मग जेठांकडे वळली. "उद्या सकाळी निघू. मला असं नको." जेठ काही बोलायला गेले तर म्हणाली, "नको म्हणतेय ना!" आणि पदर तोंडात घालून अशी रडली की सासूबाई पाटावरून उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. मीही गेले असते. पण मी कुठल्या तोंडाने जाणार होते?

सकाळी गाडी गेली. चांदीची वाटी आणि अस्वल ती ठेवून गेली. आखातीजला खाली गल्लीत झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या, आणि रिषभ आमच्याच घरात होता. गोद देण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

बाऊजी आता खाकरत नाहीत. त्यांनी तसं कोणाला सांगितलं नाही, फक्त बंद केलं. दुकानातून उशिरा येतात, पायऱ्यांवर चपला जरा जास्त वाजवतात, आणि वर आल्यावर मी रिषभला घेऊन बसलेली असले तर खिडकीबाहेर बघतात. सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. मयंक परवा बाऊजींसमोर रिषभचं नाक पुसायला गेला, रुमाल अर्ध्यावर नेला आणि स्वतःचंच नाक पुसलं. मला हसू आलं, आणि नंतर वाईट वाटलं.

मयूरी एकदा येऊन गेली. तिने सगळं लिहून पुण्याला कळवलं होतं. तिकडच्या मॅडमनी रिषभचं चित्रीकरण अभ्यासातून काढून टाकलं म्हणे, मधे बाहेरचा आवाज आला म्हणून. "वहिनी, मी खूप भांडले," ती म्हणाली. मी तिला चहा दिला. बाहेरचा आवाज! अगं, त्याहून घरातलं आमच्याकडे आहे तरी काय?

आज दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. खोलीचं दार सताड उघडं, आता मी ते लावत नाही. रिषभ जमिनीवर पाय पसरून बसला होता, मांडीवर किंजल भाभीचं अस्वल. त्याला थोपटत होता, काहीबाही गुणगुणत होता, गालाला गाल लावत होता, अगदी माझ्यासारखं. मला इतकं बरं वाटलं की घडी तशीच धरून मी बघत राहिले.

मग त्याने मान वर करून दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. जिन्यावरही कोणी नव्हतं. त्याने बारीक आवाजात स्वतःच 'अंहंऽ' केलं आणि अस्वलाला मांडीवरून उचलून खाली ठेवलं, तोंड भिंतीकडे करून.

मी अस्वल उचलून परत त्याच्या मांडीवर दिलं. "नाही रे राजा," मी म्हटलं, "बसू दे त्याला." त्याने माझ्याकडे बघितलं, जसं काही मलाच काही कळत नाही असं बघितलं, आणि अस्वलाला परत खाली ठेवलं.